यावे कसे, हे आधी सांगावे



उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की आमच्याकडे एक चौकशी हमखास येते. कोणाचा मुलगा अमेरिकेत नोकरीला असतो, कोणाची लेक तिकडे संसार मांडून असते. घरची मंडळी मुलांना घेऊन महिना-दीड महिन्यासाठी तिकडे निघतात आणि विचारतात, "न्यूयॉर्कला जाणारच आहोत, तर संयुक्त राष्ट्रसंघाची ती इमारत मुलांना दाखवता येईल का? आत सोडतात का?" नागरिकशास्त्राच्या पुस्तकात जिचे चित्र पाहिले ती इमारत प्रत्यक्ष पाहावी असे मुलांना वाटणे स्वाभाविक आहे. त्यांना नीट उत्तर देता यावे म्हणून आम्ही त्या मुख्यालयाच्या पाहुण्यांसाठीच्या सूचना लक्षपूर्वक वाचल्या. वरवर पाहता त्या अगदी रुक्ष वाटतात. फाटक कोणते, ओळखपत्र कोणते, पिशवी केवढी, एवढेच त्यांत असते. परंतु वाचता वाचता आमचे असे मत झाले की, परक्या माणसाला 'यावे कसे' हे सांगण्याची रीत त्यांच्याकडून शिकण्यासारखी आहे आणि ती आपल्या शाळेलाही लागू पडते. म्हणून हा लेख.

प्रथम जागेविषयी थोडेसे. संयुक्त राष्ट्रसंघाची सनद २६ जून १९४५ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे सह्या होऊन तयार झाली आणि २४ ऑक्टोबर १९४५ पासून अमलात आली. भारत हा तिच्या मूळ सदस्यांपैकी एक आहे. परंतु या संस्थेला त्या वेळी स्वतःचे घर नव्हते. १९४६ च्या डिसेंबरात जॉन डी. रॉकफेलर धाकटे यांनी न्यूयॉर्कमधील ईस्ट नदीकाठची जमीन विकत घेण्यासाठी ८५ लाख डॉलर दिले. पूर्वी त्या भागात कत्तलखाने होते. २४ ऑक्टोबर १९४९ रोजी कोनशिला बसली, १९५० पासून ३९ मजली सचिवालयात कचेऱ्या येऊ लागल्या आणि १९५२ पर्यंत आमसभेची इमारतही पूर्ण झाली. त्याच वर्षी पाहुण्यांना मार्गदर्शकासह इमारत दाखवण्याची प्रथा सुरू झाली. म्हणजे घर बांधून होते न होते तोच त्यांनी बाहेरच्या माणसासाठी दार उघडले. ही गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते.

ही जागा फर्स्ट अव्हेन्यू नावाच्या हमरस्त्याला लागून, ४२व्या रस्त्यापासून ४८व्या रस्त्यापर्यंत पसरलेली आहे. समोर सदस्य देशांचे ध्वज इंग्रजी वर्णक्रमाने ओळीने उभे असतात. उत्तरेच्या टोकाला अफगाणिस्तान, दक्षिणेच्या टोकाला झिम्बाब्वे. आपला तिरंगा आइसलंड आणि इंडोनेशिया यांच्या मध्ये शोधावा. सदस्य देश १९३ आहेत.

आता पालकांना उपयोगी पडतील अशा गोष्टी क्रमाने सांगतो.

मार्गदर्शकासह फेरी साधारणपणे सोमवार ते शुक्रवार असते. तिचे तिकीट आधीच ऑनलाइन काढून ठेवावे. ऐन वेळी दारात जाऊन मिळेल या भरवशावर राहू नये. पाहुण्याने थेट फाटकावर जायचे नसते. आधी रस्त्यापलीकडे, फर्स्ट अव्हेन्यू आणि ४५वा रस्ता यांच्या कोपऱ्यावर पाहुण्यांची नोंदणी कचेरी आहे. तिथे सरकारने दिलेले छायाचित्रासह ओळखपत्र, म्हणजे आपल्या बाबतीत पासपोर्ट, दाखवून आत जाण्याचा परवाना घ्यावा लागतो. मग ४६व्या रस्त्याजवळच्या पाहुण्यांच्या फाटकातून आत जायचे. तिथे विमानतळावर होते तशी तपासणी होते. म्हणून फेरीच्या वेळेच्या तासभर आधी पोहोचलेले बरे. मोठ्या पिशव्या आणि प्रवासाचे सामान आत नेता येत नाही. त्यामुळे विमानतळावरून परस्पर तिकडे जाण्याचा बेत करू नये. पाच वर्षांखालील मुलांना या फेरीत घेत नाहीत. घरात तेवढे लहान मूल असेल तर त्याच्याजवळ कोणी थांबायचे हे घरूनच ठरवून निघावे.

पाहुण्यांच्या मोटारी उभ्या करण्याची सोय तिथे नाही. भुयारी रेल्वेने ग्रँड सेंट्रल स्थानकावर उतरावे आणि ४२व्या रस्त्याने पूर्वेला, नदीच्या दिशेने चालत जावे. पायांना त्रास असणाऱ्यांसाठी एम-१५ आणि एम-४२ या बसगाड्या जवळ नेतात. आणि एक महत्त्वाचे. सप्टेंबर महिन्याच्या उत्तरार्धात आमसभेसाठी निरनिराळ्या देशांचे राष्ट्रप्रमुख आणि पंतप्रधान येतात. तेव्हा पाहुण्यांच्या फेऱ्या बंद असतात आणि आसपासचे रस्तेही वाहनांना बंद करतात. त्या दिवसांत जाऊ नये. वेळा आणि दर बदलत असतात, तेव्हा निघण्यापूर्वी ताजी सूचना पाहून घ्यावी.

या सूचनांमध्ये आम्हांला काय आवडले? त्यांत 'नाही' पुष्कळ आहे. लहान मूल नाही, मोठी पिशवी नाही, मोटार नाही, सप्टेंबरात नाही. परंतु हे सगळे 'नाही' माणूस घरी बसलेला असतानाच सांगितलेले आहे. दारात पोहोचल्यावर, नातवंडाला कडेवर घेऊन उभ्या असलेल्या आजीला 'हे चालणार नाही' असे ऐकावे लागले तर तो अपमान होतो. तीच गोष्ट आठ दिवस आधी कळली तर ती केवळ माहिती ठरते. नियम तोच असतो, सांगण्याची वेळ बदलली की त्याचा अर्थ बदलतो.

हे आपल्याला अगदी परके आहे असेही नाही. आपली लग्नपत्रिका पाहा. वर मंगलमूर्ती, मध्ये वधूवरांची नावे, मुहूर्ताची घटिका, आणि अगदी खाली बारीक अक्षरांत कार्यालयाचा पत्ता, जवळची खूण, कोणत्या थांब्यावर उतरावे ते आणि 'कृपया आहेर आणू नये' ही विनंती. परगावाहून येणारे पाहुणे आधी तोच खालचा भाग वाचतात. घरच्या कार्यात आपण हे विसरत नाही. मात्र संस्थेच्या दारावर पाटी लावायची वेळ आली की आपली लेखणी एकदम करडी होते. 'विनापरवानगी आत येऊ नये.' परवानगी कोणाची, ती कुठे मिळते, किती वाजता मिळते, हे मात्र लिहिलेले नसते. पुणेरी पाट्यांना आपण हसतो, पण त्यांच्यात निदान काय करू नये याचा खुलासा तरी असतो!

आता कोणी म्हणेल, प्राचार्य एका परदेशी इमारतीचे फारच कौतुक करीत आहेत. तसे नाही. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ते मुख्यालय संयुक्त राष्ट्रसंघाचे असले तरी उभे आहे अमेरिकेत. १९४७ साली या दोघांमध्ये करार झाला. त्या करारानुसार ती जागा अशी आहे की सरचिटणीसांच्या संमतीशिवाय अमेरिकेचे अधिकारी आपल्या कामासाठी तिथे शिरू शकत नाहीत. सदस्य देशांच्या प्रतिनिधींच्या आणि संस्थेने कामासाठी बोलावलेल्यांच्या येण्याजाण्यात अमेरिकेने अडथळा आणू नये, असेही त्यात आहे. परंतु फेरीचे तिकीट काढलेल्या साध्या पाहुण्याला हे लागू नाही. त्याला अमेरिकेचा व्हिसा स्वतःच मिळवावा लागतो आणि फेरीचे तिकीट दाखवून तो मिळत नाही, हे आमच्याकडे चौकशीला येणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

आणि ज्यांच्यासाठी करार आहे त्यांचे तरी काय? १९८८ मध्ये पॅलेस्टिनी नेते यासर अराफत यांना अमेरिकेने व्हिसा नाकारला. तेव्हा त्यांचे म्हणणे ऐकण्यासाठी आमसभेने त्या डिसेंबरात आपली बैठकच जिनिव्हाला नेली. २०२५ च्या सप्टेंबरात पॅलेस्टिनी अध्यक्ष महमूद अब्बास यांना व्हिसा मिळाला नाही, तेव्हा त्यांचे भाषण चित्रफितीद्वारे ऐकवण्यात आले. यातील राजकारणात आम्ही शिरत नाही. मुद्दा एवढाच की, दारावरची पाटी कितीही सुबक असली तरी आत बोलावण्याची इच्छा नसेल तर ती पाटी निरुपयोगी ठरते. दोन्ही वेळा आमसभेने वाट काढली, कारण त्यांना ऐकायचे होते. म्हणून सूचना लिहिण्यापूर्वी प्रत्येक संस्थेने स्वतःला विचारावे की, येणारा माणूस आपल्याला खरोखर हवा आहे काय?

हा प्रश्न आम्ही आपल्या शाळेपुढे ठेवतो, आणि तो भाषेपासून सुरू होतो.

ग्वाल्हेरच्या माणसाला संयुक्त राष्ट्रसंघ म्हटले की एक नाव आठवतेच. अटल बिहारी वाजपेयी याच शहरात जन्मले, इथल्याच व्हिक्टोरिया कॉलेजात शिकले, आणि परराष्ट्रमंत्री म्हणून ४ ऑक्टोबर १९७७ रोजी त्यांनी आमसभेत हिंदीतून भाषण केले. आता, हिंदी ही तेथील अधिकृत भाषा तेव्हा नव्हती आणि आजही नाही. अरबी, चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि स्पॅनिश या सहा भाषा तिथे अधिकृत आहेत. त्यांतील अरबीसुद्धा १९७३ मध्ये आली. मग ते हिंदीत कसे बोलू शकले? आमसभेच्या नियमांत तशी सोय आहे. कोणत्याही प्रतिनिधीने आपल्या भाषेत जरूर बोलावे. मात्र ती अधिकृत नसेल तर अधिकृत भाषांपैकी एकीत तिचे भाषांतर ऐकवण्याची व्यवस्था त्याने स्वतः करावी. बाकीच्या भाषांत मग तिथले दुभाषे ते पोहोचवतात आणि प्रत्येक जण कानाला यंत्र लावून आपापल्या भाषेत ऐकतो.

हा नियम आम्हांला फार शहाणपणाचा वाटतो. त्यात भाषा सोडायला सांगितलेली नाही. तुमची भाषा अभिमानाने बोला, आणि समोरच्याला ती कळेल याची काळजीही तुम्हीच घ्या, एवढेच तो सांगतो. अटलजींच्या भाषणाने हिंदीचा मान वाढला आणि भाषांतर ऐकवल्याने तो तिळभरही कमी झाला नाही.

आपल्या शाळेत आज कोणाची मुले येतात ते पाहा. काही घरांत चार पिढ्यांची मराठी आहे. काही घरांत आई मराठी आणि वडील हिंदीभाषक आहेत. काही घरांत आजी मराठी बोलते, पण आई-बाबांना मराठी समजते आणि वाचता मात्र येत नाही. काही पालक पूर्णपणे हिंदीभाषक आहेत. शाळेचे नाव ऐकून, शिस्त पाहून ते मुलांना इथे घालू इच्छितात. अशा पालकाने प्रवेशाच्या दिवसांत फाटकाशी यावे, फलकावरची मराठी सूचना त्याला उलगडू नये आणि विचारायला कोणी नसावे, तर तो काय करील? तो शेजारच्या इंग्रजी शाळेत जाईल. तिथे त्याचे स्वागत जास्त आपुलकीने होते म्हणून नव्हे, तर तिथला अर्ज कुठे मिळतो ते त्याला कळते म्हणून.

यावर एक आक्षेप आम्ही अनेकदा ऐकला आहे. आदरणीय ज्येष्ठ मंडळी म्हणतात, "मराठी शाळेच्या फाटकावर हिंदी आली की उद्या वर्गात येईल आणि परवा मराठी जाईल." ही भीती आम्ही हलकी मानत नाही. मराठी मुलुखापासून दूर राहून भाषा टिकवणाऱ्यांना ती वाटणारच. पण आमचे स्वतःचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले आणि आमची मराठी घरात, अथर्वशीर्षाच्या पाठात, गणेशोत्सवाच्या नाटकात आणि आजीच्या बोलण्यात टिकली. पाटीवर कोणती लिपी किंवा कोणती भाषा आहे यावर ती टिकली नाही. ज्या घरात मराठी बोलली जाते तिथे ती टिकते आणि ज्या वर्गात ती गोडीने शिकवली जाते तिथे ती वाढते. त्या वर्गापर्यंत मूल पोहोचलेच नाही तर शिकवायचे कोणाला? म्हणून आमचे म्हणणे असे की, फाटकावर मराठी वर आणि मोठ्या अक्षरांत असावी, तिच्याखाली तीच सूचना हिंदीत असावी. आमसभेतल्या नियमासारखेच. आपली भाषा आपण बोलावी आणि दुसऱ्याला कळण्याची सोयही आपणच करावी.

दुसरी गोष्ट पायऱ्यांची. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने १३ डिसेंबर २००६ रोजी अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा करार संमत केला आणि भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी तो स्वीकारला. त्याच्या नवव्या कलमात इमारती सर्वांना वापरता येतील अशा असाव्यात असे सांगताना शाळांचा स्पष्ट उल्लेख आहे. एवढेच नव्हे, तर लोकांसाठी खुल्या असलेल्या इमारतींतील पाट्या ब्रेलमध्ये आणि वाचायला-समजायला सोप्या अशा असाव्यात, हेही त्यात लिहिले आहे. आपल्या देशाच्या २०१६ च्या कायद्यानेही मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांवर इमारत आणि आवार सुगम करण्याची जबाबदारी टाकली आहे. तेव्हा उतरंडीचा रस्ता, म्हणजे रॅम्प, हा कोणावर उपकार नाही. स्नेहसंमेलनाला येणारे गुडघेदुखीने बेजार आजोबा, पाय प्लॅस्टरमध्ये असलेला विद्यार्थी, व्हीलचेअरवरची एखादी आई, या सर्वांना सभागृहात जाण्याचा इतरांइतकाच अधिकार आहे.

खर्चाचा प्रश्न निघेल, आणि विश्वस्तांनी तो काढलाच पाहिजे, ते त्यांचे कर्तव्य आहे. रॅम्पला खर्च आहे. त्यासाठी थोडा वेळ आणि देणगीदार लागतील. परंतु सूचना लिहायला काय लागते? एक कागद, एक फलक आणि आपण परके आहोत अशी कल्पना करून आपल्याच फाटकाकडे पाहण्याची तयारी. बाड्यावरून येणाऱ्याने टेम्पोतून कुठे उतरावे? मुरारहून येणाऱ्याने कुठे? दोन फाटकांपैकी पालकांसाठी कोणते? मुख्याध्यापकांच्या कचेरीत कोणत्या वेळात भेट होते? प्रवेशासाठी कोणते कागद आणावेत आणि त्यांतला एखादा नसेल तर कोणाला भेटावे? परीक्षेच्या दिवसांत आवारात वाहने आणू नयेत, तर मग ती कुठे उभी करावीत? ज्यांना जिना चढवत नाही त्यांच्यासाठी तळमजल्यावर भेटण्याची सोय कुठे आहे? या सात-आठ प्रश्नांची उत्तरे एका पानावर मावतात.

म्हणून विश्वस्त मंडळाला आमची नम्र सूचना आहे. येत्या बैठकीत तीन गोष्टींना मान्यता द्यावी. शाळेत येणाऱ्यांसाठी एक पानी माहितीपत्रक मराठी आणि हिंदीत छापावे आणि कार्यक्रमांच्या निमंत्रणासोबत ते आधीच घरी पोहोचावे. फाटकावर तोच मजकूर ठळक अक्षरांत लावावा. आणि सभागृहाच्या दाराशी रॅम्प बांधण्यासाठी निधी उभारायला आरंभ करावा.

पालकांना विनंती अशी की, त्यांनी पहिल्यांदा शाळेत आल्या दिवशी आपल्याला काय कळले नव्हते ते आठवून कचेरीत लिहून द्यावे. ते आपल्यालाच ठाऊक असणार. जुन्या माणसांना आपल्या घराचा उंबरठा दिसेनासा झालेला असतो.

आणि विद्यार्थी मित्रहो, हे पान लिहिण्याचे काम आम्ही तुमच्यावर सोपवू इच्छितो. इयत्ता आठवी ते दहावीच्या प्रत्येक वर्गाने एकेक मसुदा तयार करावा. लिहिताना एक पथ्य पाळा. 'करू नये' असे जिथे जिथे लिहाल, तिथे त्याच्यापुढे 'त्याऐवजी काय करावे' हेही लिहा. मसुदा झाल्यावर तो अशा व्यक्तीला वाचायला द्या, जी आपल्या शाळेत कधी आलेली नाही. ती न विचारता, न चुकता तुमच्या वर्गाच्या दारापर्यंत पोहोचली तर मसुदा उत्तम जमला असे समजा.

शेवटी एवढेच. महादजी आणि दौलतराव शिंद्यांच्या काळात आपले पूर्वज या मुलुखात आले तेव्हा तेही परकेच होते. जिथे त्यांची छावणी पडली त्या वस्तीला लोक आजही लश्कर म्हणतात. इथली वाट त्यांना कोणीतरी दाखवली, इथली भाषा त्यांच्याशी कोणीतरी सबुरीने बोलले, म्हणून दोनशे वर्षांनंतर इथे आपली मराठी शाळा उभी आहे. आता दार आपले आहे. येणाऱ्याने कसे यावे हे सांगण्याची पाळीही आपलीच आहे.

मसुदे येत्या महिनाअखेरपर्यंत वर्गशिक्षकांकडे द्यावेत. निवडक मसुदे पुढील अंकात प्रसिद्ध केले जातील.

आपले,
प्राचार्य